राजधातूला रंग

“…आणि बोल्ट कोणी निवडले?”

“तस्नीमने,” हेरंब म्हणाला.

“कोण तस्नीम?”

“माझी विद्यार्थिनी. माझ्याकडे पीएच.डी. करते.”

“तुझी?”

“हो. माझीच.”

वालावलकर बाई वळल्या. समोरच्या लाकडी घोडीवरचा एक लोखंडी तुकडा त्यांनी काढला, उन्हात तिरपा धरला, त्याच्या अंगावरून बोट फिरवलं आणि पुन्हा जागेवर अडकवून ठेवला. बोटाला आलेली तांबूस पूड पदराला पुसली.

खाजणे बंदराच्या अलीकडे, समुद्रावर कललेल्या कातळावर अशा घोड्यांच्या रांगाच रांगा होत्या. प्रत्येकीवर धातूचे तुकडे टांगलेले. तोंडं सगळ्यांची समुद्राकडे. खारा वारा त्यांना रोज थोडं थोडं खात असे, आणि कोणाला किती खाल्लं हे बाई पाहत असत. पाटीवर ‘सागरी क्षरण संशोधन केंद्र’ असं लिहिलेलं होतं. गावातले लोक गंजघर म्हणत. बाईंना गंजघरच आवडायचं.

सारी उमर विद्यापीठात शिकवून झाल्यावर बाई इथे येऊन राहिल्या होत्या. देशात कुठे पूल खचला, कुठे टाकी फुटली, की धातूचा तुकडा फडक्यात बांधून त्यांच्याकडे पाठवला जाई. बाई म्हणतील ते शेवटचं.

आणि डॉ. हेरंब दातीर हा बाईंचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. हेरंबचं तर मुळीच नव्हतं.

करमाळ्याकडचा पोरगा. बाईंच्या वर्गात येईपर्यंत त्याने समुद्रही पाहिला नव्हता. पहिल्या सहलीत त्याने ओंजळभर पाणी घेऊन चाखलं, थुंकलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाला होता, “याला पुरून उरेल असा धातू मी करीन.”

सगळे हसले होते. बाई हसल्या नव्हत्या.

आणि त्याने तो केला.

*

हेरंबने काखेतलं गाठोडं कट्ट्यावर ठेवलं. मऊ सुती कापडाचे पदर एकेक करून उलगडले.

आत एक पत्रा होता. हातभर लांब, वीतभर रुंद. आभाळ जसंच्या तसं त्यात उतरलं.

बाईंनी चष्मा पुसला. पत्रा उचलून त्या उजेडाकडे वळल्या. खूप वेळ पाहत राहिल्या. कडेवरून नख फिरवलं, उलटा केला, पाठ पाहिली.

“सुंदर,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

त्याला ऐकू आलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

“सुंदर झालाय, म्हटलं.”

हेरंबला धन्य वाटलं. विद्यार्थीदशेत बाईंच्या तोंडून त्याने जास्तीत जास्त ऐकलेला शब्द होता ‘ठीक’. परदेशातल्या विद्वानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हाही त्याला असं वाटलं नव्हतं.

“द्रावणात विरघळलेला धातू विजेने चढवलाय, बाई. थरावर थर. प्रवाह जरा वाढला की खरखरीत होतो, जरा कमी पडला की काळवंडतो. किती वर्षं गेली… पण आता बघा. ज्या पाण्याने जहाजाचे तळ खाल्ले, त्या पाण्याला याच्या अंगाला दात लावता येत नाही.”

“येत नाही,” बाईंनी मान डोलावली. “दिसतंय ते.”

“तरी लोक म्हणतात, दातीरांचा धातू पडला.”

“पडला ना?”

“धातू नाही पडला. बोल्ट तुटले!”

झालं होतं ते असं. खाजणे बंदराच्या नव्या धक्क्याला, जिथे बोटी येऊन टेकतात त्या बाजूला, हेरंबच्या धातूचे मोठमोठे पत्रे बसवले होते. उद्घाटनाला मंत्री आले. वर्तमानपत्रांत फोटो आले. लोक पोराबाळांना घेऊन धक्का पाहायला यायचे. आणि पुरतं वर्षही उलटलं नव्हतं, तोच एके सकाळी त्यातला एक पत्रा बोल्ट तोडून खाली नांगरलेल्या होडीवर कोसळला. होडीत भिकाजी कुबल नावाचा खलाशी जाळं आवरत होता. त्याचा खांदा मोडला. डोक्यावर पडता, तर माणूस गेलाच असता.

चौकशी समिती नेमली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या विश्रामगृहात तिची बैठक होती. समितीने बाईंचं मत मागवलं होतं.

म्हणून हेरंब आदल्या दिवशीच आला होता.

*

“बोल्ट हलके होते?” बाईंनी विचारलं.

“समितीला असं सांगता येईल की…”

“समितीचं नाही विचारलं.”

हेरंबने समुद्राकडे पाहिलं. तो गर्विष्ठ होता, पण मोजून पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे. तेवढं बाईंनी त्याच्या अंगात मुरवलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “चाचणीला उतरलेले होते. चांगले होते.”

“मग?”

“…शेजार.”

“नीट सांग. वर्गात सांगतोस तसं.”

हेरंब किंचित हसला. मग वर्गात सांगतो तसं सांगू लागला.

“दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले, की त्यांच्यात वीज खेळू लागते. एक असतो राजधातू, तो सुखरूप राहतो. दुसरा हलका, तो त्याच्यापायी झिजतो. राजधातू जेवढा मोठा आणि जेवढा उघडा, तेवढा हलका लवकर संपतो. हा एवढा पत्रा… आणि मूठभर बोल्ट.”

“मध्ये काही घातलं नव्हतं?”

“प्लास्टिकच्या चकत्या होत्या. लाटांच्या दणक्यांनी पिचल्या.”

“मग उपाय काय सांगतोस मुलांना?”

“रंग द्यायचा.”

“कोणाला?”

“राजधातूला.”

“आणि गंजतोय त्याला का नको?”

“कारण गंजणाऱ्याच्या रंगाचा कधी ना कधी टवका उडतो. मग सगळा मारा त्या टवक्याएवढ्या जागी एकवटतो आणि सुईसारखा आत जातो. म्हणून जो गंजत नाही, त्यालाच आधी झाकायचं.” हेरंबने खांदे उडवले. “बाई, हे तुम्हीच शिकवलंय. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.”

“छान शिकवतोस.”

बाई कट्ट्यावर टेकल्या.

“तस्नीमला हे ठाऊक नव्हतं?”

हेरंबने पत्रा कापडावर सरळ केला.

“पहिल्या वर्षाला होती ना ती तुझ्याकडे?”

“…ठाऊक होतं.”

“बोलली होती?”

“बोलली.”

“काय बोलली?”

“म्हणाली, बोल्ट हेच घ्यावे लागतील, दुसरे एवढा भार घेणार नाहीत. पण मग सर, पत्रे रंगवून घेऊया.”

“आणि तू?”

हेरंबने खिशातून रुमाल काढला. घाम पुसला. रुमालाची घडी घालत राहिला.

“मी म्हटलं, ताजमहालाला कोणी चुना लावतं का?”

“मग?”

“बैठकीतले सगळे हसले.”

“ती?”

“…ती खाली बघून कागद आवरत होती. परत बोलली नाही.”

खाली कातळावर लाट फुटली. तिचे शिंतोडे घोड्यांपर्यंत आले.

“बाई,” हेरंब जरा पुढे सरकला, “मी काही तिचं वाईट चिंतत नाही. पण समितीला एक नाव हवंय. ती लहान आहे. दुसरा विषय घेईल, दुसरीकडे जाईल, पुन्हा उभी राहील. माझं नाव गेलं तर या धातूचं नाव जाईल. आणि हा धातू आता माझा एकट्याचा नाही. देशाचा आहे. तुम्ही एवढंच सांगा, की बोल्टांची निवड चुकली. ते खोटंही नाही.”

“खोटं नाही,” बाई म्हणाल्या.

आणि उठून आत गेल्या.

*

परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात रंगाचा डबा होता, दुसऱ्या हातात ब्रश. जहाजांच्या बुडाला लावतात तो करडा रंग. डब्याच्या कडेने ओघळ वाळलेले.

त्यांनी डबा पत्र्याशेजारी ठेवला. झाकण उचकटलं. काडीने ढवळलं.

“लाव,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“पत्र्याला.”

हेरंबला वाटलं बाई थट्टा करताहेत. त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

“बाई, हा प्रदर्शनात जायचा नमुना आहे. जर्मनीला.”

“जाऊ दे की. रंगवून जाईल.”

“याची चमकच तर…” तो थांबला. “बाई, मला माहीत आहे रंग कोणाला द्यायचा ते. आत्ताच तर सांगितलं.”

“हो. म्हणून तर म्हणते. लाव.”

हेरंबने ब्रश उचलला. डब्यात बुडवला. कडेला निथळला.

हात पत्र्यावर आला आणि तिथेच थांबला.

रंगाचा एक थेंब ब्रशच्या टोकाला जमला, लांबला… आणि पडण्याआधी हेरंबने झटक्यात ब्रश बाजूला घेतला. थेंब कट्ट्यावर पडला.

“नाही,” तो म्हणाला. “नाही जमणार.”

बाई वाट पाहत उभ्या होत्या.

“तुम्हाला काय जातंय, बाई!” हेरंबचा आवाज चढला. “तुम्ही आयुष्यभर गंज पाहिलात. कसा चढतो, किती चढतो, कुठून शिरतो. दुसऱ्यांचं मोडलेलं तपासत बसलात. मी केलं काहीतरी! तुम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मी केलं, आणि तुम्ही म्हणता त्याला डांबर फास?”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते.

वारा पडला होता. घोड्यांवरचे तुकडे हलायचे थांबले होते.

“खरं आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मान मात्र ताठ होती आणि डोळ्यांत उजेड होता.

“इथे आल्यागेल्याला मी हेच सांगते. म्हणते, मला जे साधलं नाही ते माझ्या हेरंबला साधलं.”

भांडणाऱ्या माणसाला समोर भिंत लागते. इथे भिंतच नव्हती. ढकलायला गेलेला हात तसाच पुढे गेला आणि हेरंबचा तोल गेल्यासारखं झालं.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि फाटकातून बाहेर पडला.

*

पायवाट बंदराकडेच जात होती. हेरंब धक्क्यावर येऊन पोचला तेव्हा उन्हं कलली होती.

पत्रे होते तिथेच होते. एकाच्या जागी मोकळं खिंडार. बाकीचे कलत्या उन्हात असे झळकत होते की डोळे दिपावेत. हेरंबने डोळ्यांवर हात धरला, आणि तशातही त्याला अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही. समुद्राने त्याच्या धातूवर एक डागही पाडला नव्हता.

मग तो वाकला.

पत्र्यांच्या कडेने बोल्टांची डोकी होती. होती म्हणायची. तांबड्या भुग्याचे उंचवटे नुसते. त्याने एकावर अंगठा टेकला, तर वरचा पापुद्रा खसकन खाली आला. आतून पेन्सिलीच्या टोकाएवढं लोखंड निघालं.

“हात लावू नको, साहेबानू. पडात तो.”

धक्क्याच्या पायरीवर एक काळासावळा माणूस बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने तो विडी ओढत होता.

“तुम्ही… कुबल?”

“होय. भिकाजी. खांदोवालो.” तो आपल्याच बोलण्यावर हसला. “आता गाव माका खांदोवालोच म्हणता.”

“दुखतंय का अजून?”

“दुखता. जाळा ओढूक गावणा नाय. डॉक्टर म्हणता, पावसापर्यंत बरो होतलो.”

हेरंबला तिथून निघून जावंसं वाटलं. पण तो भिकाजीशेजारी पायरीवर टेकला.

भिकाजी पत्र्यांकडे पाहत होता.

“पत्रो मात्र जबरदस्त हा हो,” तो मनापासून म्हणाला. “माझो खांदो मोडलो, होडयेची फळी फुटली, पण तेका साधो ओरखडो नाय! वाकून बघितलंय मी. तोंड दिसता तेच्यात. असो पत्रो आमच्या बंदरात हा, म्हणान आम्ही सगळ्यांका सांगतो.” त्याने विडीचा झुरका घेतला. “कोणी केलो तो, तुमका म्हायती हा?”

हेरंबने तोंड उघडलं.

ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो आयुष्यभर उत्सुक होता, सभांतून, आगगाडीत, लग्नाच्या पंगतीत, कोणी न विचारताही ज्याचं उत्तर तो देत आला होता, तो प्रश्न समोर होता. विचारणारा कौतुकाने वाट पाहत होता.

हेरंबने तोंड मिटलं आणि अंगठ्याला लागलेला तांबडा भुगा रुमालाला पुसला.

“हुशार माणूस आसतलो,” भिकाजीच म्हणाला.

*

हेरंब परत आला तेव्हा बाई घोड्यांवरचे तुकडे गोड्या पाण्याने धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

डब्यातल्या रंगावर पातळ साय धरली होती. हेरंबने काडीने ती बाजूला केली, पुन्हा ढवळलं. पत्रा पुढ्यात ओढला.

पहिला फराटा त्याने डोळे मिटूनच मारला.

मग डोळे उघडले. पत्र्याच्या मधोमध करडा, ओंगळ पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ.

दुसरा फराटा. तिसरा.

काम तो निगुतीने करत होता. त्याला कोणतंच काम वाईट करता येत नसे. उभा एक हात झाला, तो वाळल्यावर आडवा दुसरा. ब्रशचे केस सुटून चिकटले तर तो नखाने काढत होता.

बाई केव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्याला कळलं नाही.

“कडा राहिल्या,” त्या म्हणाल्या.

त्याने कडा रंगवल्या.

सगळं झाल्यावर तो बाजूला झाला. कट्ट्यावर एक करडी फळी पडल्यासारखी दिसत होती. भंगारवाल्यानेही दोनदा पाहिली नसती.

“आता कोणाला कळणारही नाही, बाई,” तो म्हणाला. “खाली काय आहे ते.”

“कोणाला कळलं नाही म्हणून तो गंजणार आहे का?”

“नाही. तो कसा गंजेल?”

“चांगलं झालं.”

बाईंनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

मग हेरंबने फोन काढला. पलीकडून तस्नीमचा आवाज आला. सावध, दबलेला. समितीचं बोलावणं कधी येतंय याची वाट पाहणाऱ्या माणसाचा.

“तस्नीम, तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं. पत्रे रंगवायला हवे होते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सर… मी परत एकदा म्हणायला हवं होतं.”

“नाही,” हेरंब म्हणाला. “परत म्हणायला मी जागा ठेवली नव्हती.”

बाई पाण्याची झारी घेऊन पलीकडच्या रांगेकडे निघून गेल्या.

*

समितीसमोर हेरंबच बोलला. बाईंना बोलावंच लागलं नाही.

त्याने काही आडपडदा ठेवला नाही. बोल्ट चांगले होते, म्हणाला. इशारा वेळेवर मिळाला होता, म्हणाला. आपण तो हसण्यावारी नेला. कोणत्या शब्दांत नेला तेही त्याने सांगितलं. ताजमहालाचं वाक्य त्या दिवशी कोणाला हसू आणू शकलं नाही.

व्हायचं ते झालं. ज्या मोठ्या सन्मानासाठी त्याचं नाव दिल्लीला गेलं होतं, ते परत आलं. प्रकल्पावरून त्याला दूर केलं. दुरुस्तीचं काम तस्नीम मुकादमकडे आलं. एवढीशी पोरगी, डोक्याला ओढणी घट्ट बांधून ओहोटी-भरतीच्या वेळा सांभाळत धक्क्यावर उभी राहायची. तिने सगळे बोल्ट बदलले, चकत्या बदलल्या आणि एकूण एक पत्रा करड्या रंगाने रंगवून घेतला.

गावाला आधी वाईट वाटलं. पण खांदा बरा झालेला भिकाजी कुबल नव्या पाहुण्यांना धक्क्यावर न्यायचा आणि करड्या पत्र्यावर थाप मारून सांगायचा, “आतून आरसो हा, आरसो!”

पाऊस आला आणि गेला. उधाणं आली. एक बोल्ट हलला नाही.

तस्नीमला पीएच.डी. मिळाली. तिच्या तोंडी परीक्षेला बाई बाहेरच्या परीक्षक म्हणून गेल्या होत्या. त्यांनी तिला घाम फोडला आणि शेवटी म्हणाल्या, “ठीक.” तस्नीम तो शब्द कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती.

हेरंबचंही वाईट झालं नाही. उलट…

*

दिवाळीनंतर हेरंब खाजण्याला आला. बाईंनी नुकताच चहा ठेवला होता. तो अंगणातूनच बोलत आत आला. चेहऱ्यावर जुनं तेज परत आलेलं.

“बाई, धक्का पाहून आलो. काय बसलाय! मला वाटतं शंभर वर्षं बघायला नको.”

“बस. साखर घेतोस ना अजून?”

“घेतो. आणि बाई, तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझं एक व्याख्यान आहे हल्ली. ‘माझी चूक’ असं नाव आहे. पुण्यात दिलं, मुंबईत दिलं, पुढच्या महिन्यात हैदराबादला. लोक उभे राहतात हो शेवटी! काही जणांच्या डोळ्यांत पाणी येतं. परवा अध्यक्ष म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाने चूक कबूल करणारा दुसरा शास्त्रज्ञ आम्ही पाहिला नाही.”

बाईंनी चहा गाळला.

“आधी मला धातूचा अभिमान होता,” हेरंब सांगत होता. “तो गेला. पार गेला. आता मी व्यासपीठावर उभा राहून सांगतो, की मी अहंकारी होतो. असं सांगायला काय धैर्य लागतं, बाई! कोणाला जमणार नाही. त्या समितीच्या बैठकीचा प्रसंग तर मी असा रंगवतो…”

“त्यात तस्नीम कुठे येते?”

“येते ना. सुरुवातीलाच येते. ‘माझ्या एका विद्यार्थिनीने’ असं म्हणतो मी.”

“नाव?”

हेरंबने कप ओठांना लावला होता. तो तसाच राहिला.

“…नाव घ्यायचं मग राहून जातं. पुढचा भागच असा आहे ना, की लोक…”

त्याने कप खाली ठेवला.

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या डोळ्यांकडे, तुकतुकीत कपाळाकडे. आरशासारखा तो पत्रा पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा जेवढ्या कौतुकाने पाहिलं होतं, तेवढ्याच कौतुकाने.

मग त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“सुंदर झालंय रे,” त्या म्हणाल्या. “आता यालाही रंगाचा एक हात मार.”